बालकर्करोग आणि रक्तविकार: जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांनी शिकत कसं राहायचं

रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झालेलं मूल पहिल्याच दिवशी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोचत नाही. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ, मग जिल्हा रुग्णालय, असा त्याचा प्रवास होतो. ताप येतो-जातो, मूल फिकट दिसतं, रात्री पाय दुखतात म्हणून रडतं. या प्रवासात कोणी काय ओळखलं, कोणतं औषध दिलं आणि कोणतं मुद्दाम दिलं नाही, यावर त्या मुलाचं पुढचं बरंच काही ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना (० ते १९ वर्षं) कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्केसुद्धा होत नाहीत. निदान उशिरा होणं किंवा चुकणं, औषधं न मिळणं, उपचार अर्ध्यात सुटणं आणि उपचार चालू असताना जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने मूल दगावणं, ही या दरीमागची मोठी कारणं आहेत. यातली बरीचशी कारणं घराजवळच्या डॉक्टरच्या हातात असतात.

याला आपल्याच देशातला पुरावा आहे. १९८०च्या दशकात मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या केंद्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एमसीपी-८४१ हा ल्युकेमियाचा प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा) वापरायला घेतला. प्रोटोकॉल तोच राहिला, तरी वर्षांगणिक निकाल सुधारत गेले. उपचारांच्या गुंतागुंतीने होणारे मृत्यू कमी झाले, हे त्यामागचं एक कारण होतं. औषधं तीच होती. ती देताना मुलाला सांभाळायचं कसं, हे डॉक्टर आणि सिस्टर शिकत गेले होते. हे शिक्षण कोणालाही, कुठेही सुरू करता येतं. ते पद्धतशीर कसं करायचं, याबद्दल हा लेख आहे.

पायरी १: आपली भूमिका आधी ठरवा

मोठ्या परिषदेला जाऊन आल्यावर अनेकांच्या डोक्यात कार-टी पेशींसारखे अत्याधुनिक उपचार, नवी अँटिबॉडी, जनुकीय चाचण्या घोळत राहतात, आणि वॉर्डात काहीच बदलत नाही. कारण ते शिक्षण दुसऱ्या भूमिकेतल्या डॉक्टरसाठी असतं.

भूमिका ढोबळमानाने तीन. पहिली, मूल सर्वांत आधी पाहणाऱ्याची: संशय घ्यायचा, मोजक्या तपासण्या करायच्या, नुकसान न करता योग्य जागी पाठवायचं. दुसरी, वाटून उपचार करणाऱ्याची: केमोचा आराखडा मोठ्या केंद्राचा, पण मधल्या काळातला ताप, रक्त देणं, तोंडी औषधांचे डोस, रक्ततपासण्या तुमच्याकडे. तिसरी, पूर्ण उपचार करणाऱ्याची. तिला डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) किंवा त्या तोडीचं औपचारिक प्रशिक्षण लागतं आणि ते वेबिनार ऐकून मिळत नाही. बहुतेक वाचक पहिल्या दोन भूमिकांत असतील. पुढचं सगळं त्यांच्यासाठीच आहे.

पायरी २: आपल्याच रुग्णांची वही

अभ्यासक्रम बाहेर शोधण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांतले तुमचे रुग्ण काढा: ल्युकेमिया, गाठी, थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार), न उलगडलेला ॲनिमिया. नाव न लिहिता प्रत्येकासाठी एक ओळ करा. पहिलं लक्षण कधी दिसलं, पहिल्या डॉक्टरकडे कधी गेले, पहिली सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) कधी झाली, स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली कोणी पाहिला, त्याआधी स्टेरॉइड दिलं होतं का, पुढे कधी पाठवलं, केंद्रात अंतिम निदान काय निघालं. केमोवर असताना ताप आला असेल तर दारात पाय ठेवल्यापासून पहिलं अँटिबायोटिक जाईपर्यंत किती मिनिटं गेली.

ही वही दोन गोष्टी सांगते. एक, तुमच्या भागात काय जास्त दिसतं. गडचिरोलीच्या आणि उल्हासनगरच्या डॉक्टरांचा अभ्यास एकसारखा असूच शकत नाही. एकीकडे सिकलसेल रोज समोर येतो, दुसरीकडे सिंधी कुटुंबांमुळे थॅलेसेमिया. दुसरी गोष्ट, वेळ नेमका कुठे जातो. तिथून वर्षाचे चार-पाच विषय निवडा. त्याहून जास्त नकोत.

पायरी ३: ज्यात चूक परवडत नाही, ते आधी

विषय निवडताना मी एकच कसोटी लावेन: मोठ्या केंद्राशी बोलणं होण्याआधीच, माझ्या हातून काही तासांत मुलाचं भलं किंवा वाईट होऊ शकतं का? या कसोटीला उतरणारे विषय थोडे आहेत. ते इतके पक्के हवेत की रात्री दोन वाजता पुस्तक उघडावं लागू नये.

सर्वांत वर स्टेरॉइड. सांधे दुखतात, मानेत गाठी आहेत, ताप हटत नाही किंवा प्लेटलेट कमी आहेत म्हणून निदानाआधीच प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सुरू होतं. ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या विरघळतात. मूल हसू-खेळू लागतं, बोन मॅरोच्या (अस्थिमज्जेच्या) तपासणीत नीट काही सापडत नाही, निदान लांबतं, आणि जोखमीचा गट ठरवण्याचा आधारही बिघडतो. ज्याच्या शरीरात अशा पेशी खूप असतील त्याला एका डोसने ट्यूमर लायसिस (कर्करोगाच्या पेशी एकदम फुटून रक्तातले क्षार बिघडणं) होऊ शकतो. म्हणून नियम साधा ठेवा: कारण न कळलेला ताप, गाठी, हाडं दुखणं किंवा रक्तपेशी कमी असणं यांत जाणत्या नजरेने स्मिअर पाहिल्याशिवाय स्टेरॉइड नाही. दिलं गेलंच असेल तर कोणतं, किती, किती दिवस, हे पाठवणीच्या चिठ्ठीत ठळक लिहा. ते लपवल्याने मुलाचं फार नुकसान होतं.

दुसरा विषय केमोवरच्या मुलाचा ताप. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या, हाताने काढता आली पाहिजे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिल व बँड (कोवळे न्यूट्रोफिल) यांची टक्केवारी, भागिले शंभर. पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर एएनसी २४०. ५००च्या खाली म्हणजे धोका. पण या आकड्यासाठी अँटिबायोटिक थांबवायचं नसतं. मूल आल्यापासून ६० मिनिटांच्या आत, ब्लड कल्चर घेऊन, पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. कोणतं अँटिबायोटिक, हे केंद्राने आणि तुमच्या भागातल्या जंतूंच्या प्रतिकारशक्तीने आधीच ठरवलेलं असावं. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, एनिमा किंवा सपोझिटरी द्यायची नाही, स्नायूत इंजेक्शन नाही. अशा मुलाला ताप नसूनही जंतुसंसर्गाचा शॉक असू शकतो, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना. हा मुद्दा दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचावा असा आहे.

तिसरा विषय ट्यूमर लायसिसचा: पांढऱ्या पेशींची संख्या लाखाच्या वर असलेला ल्युकेमिया किंवा पोटात भराभर वाढणारी बर्किटची गाठ (लिम्फोमाचा एक प्रकार). पोटॅशियम नसलेलं भरपूर सलाइन, युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम आणि क्रिएटिनीन यांची काही तासांनी फेरतपासणी, लघवीचा हिशोब. युरिक ॲसिड उतरवणारं रासबुरिकेज देण्याआधी जी-६-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेचा विचार. पांढऱ्या पेशी फार जास्त असताना हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून घाईने पॅक्ड सेल (लाल पेशींचं रक्त) चढवू नका. रक्त आणखी दाट होऊन मेंदू आणि फुप्फुसं अडचणीत येतात. याच प्रसंगाला जोडून छातीतली गाठ शिका. मुलाला आडवं झोपवत नसेल, चेहरा सुजला असेल, तर सीटीसाठी गुंगीचं औषध देऊन आडवं करणं जिवावर बेतू शकतं. आधी साधा छातीचा एक्स-रे, तोही बसवून.

गाठींमध्ये दोन दृश्यं डोळ्यांत बसवा. बाळाच्या बुबुळात दिसणारी पांढरी चमक म्हणजे रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग) नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहेच असं धरायचं, आणि प्रत्येक लसीकरणाच्या भेटीत ऑफ्थॅल्मोस्कोपने रेड रिफ्लेक्स (डोळ्यातून परतणारी लाल चमक) पाहायचा. दुसरं, आंघोळ घालताना आईच्या हाताला लागलेली पोटातली गाठ. विल्म्स (मूत्रपिंडाचा कर्करोग) असू शकतो. सगळ्या रेसिडेंटनी एकामागून एक पोट दाबून पाहायचं नाही, आणि तिथल्या तिथे सुई घालून तुकडाही काढायचा नाही.

रक्तविकारांत हिमोफिलियाचा धडा एका ओळीत मावतो: आधी फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन), मग तपासणी. डोक्याला मार लागला असेल तर सीटीची वाट पाहायची नाही. फॅक्टर आठ दर किलोला १ युनिट दिल्यावर पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, फॅक्टर नऊ दिल्यावर साधारण १ टक्क्याने. म्हणजे २० किलोच्या हिमोफिलिया-ए असलेल्या मुलाला पातळी शंभरच्या आसपास न्यायला १,००० युनिट. मुलाला इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) असेल किंवा एमिसिझुमॅब हे रक्तस्राव रोखणारं औषध चालू असेल तर हा हिशोब चालत नाही, आणि एमिसिझुमॅबवर एपीटीटी ही रक्त गोठण्याची चाचणी फसवी नॉर्मल येते. अशा मुलाच्या केंद्राचा फोन नंबर केसपेपरच्या पहिल्या पानावर हवा. थॅलेसेमियात रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान राखणं आणि लोह काढणारी औषधं वेळेवर सुरू करणं, हे दोन मुद्दे पक्के असले तर मूल शाळा-कॉलेज करत मोठं होतं. आयटीपीत उलटं शिकायचंय: रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल तर आकडा कमी दिसला तरी बहुतेक मुलांना औषधाविना लक्ष ठेवणं पुरतं. पण निदान आयटीपीच आहे, हे आधी स्मिअरने ठरलेलं हवं.

पायरी ४: स्मिअरची सवय

ऑटोॲनालायझरचा छापील रिपोर्ट ब्लास्ट पेशींना (ल्युकेमियातल्या कच्च्या पेशींना) मोनोसाइट किंवा लिम्फोसाइट म्हणून मोजू शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टशी आठवड्यातली एक वेळ ठरवा आणि त्या आठवड्यातल्या संशयास्पद स्लाइड शेजारी बसून पाहा. कोणत्याही महागड्या कोर्सपेक्षा ही सवय जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे. शिकलेलं टिकवायचं असेल तर रिपोर्ट वाचण्याआधी स्वतःचं मत वहीत लिहायचं.

ॲनिमियातही हेच. एमसीव्हीला (लाल पेशीच्या सरासरी आकाराला) लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागलं आणि उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे झुकायचं. हा फक्त इशारा आहे. निर्णय एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीवर), आणि लोह कमी असेल तर एचबीए-२ हा थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार खाली दिसू शकतो हे ध्यानात ठेवून.

पायरी ५: बाहेरून काय घ्यायचं

इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या हिमॅटॉलॉजी-ऑन्कोलॉजी चॅप्टरचं सभासदत्व घ्या. त्यांची ‘प्रॅक्टिकल पीडियाट्रिक ऑन्कोलॉजी’ ही प्रशिक्षण कार्यशाळा नेमकी सर्वसाधारण बालरोगतज्ज्ञांसाठी आखलेली आहे. सुरुवात तिथून करावी. फोकॉन ही त्यांची वार्षिक परिषद त्यानंतर.

ऑनलाइनमध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने २००२ साली सुरू केलेल्या क्युअर-फोर-किड्स उपक्रमापासून विनामूल्य साहित्याची परंपरा आहे. (आपल्याकडे मुलांच्या राहण्याची सोय करणारी सेंट ज्यूड इंडिया ही वेगळी संस्था आहे. तीही माहीत असू द्या. मुंबईत मुक्कामाची सोय झाली की उपचार सोडून जाणारी कुटुंबं थांबतात.) हिमोफिलियासाठी जागतिक हिमोफिलिया महासंघ आणि थॅलेसेमियासाठी सायप्रसमधला थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशन, दोघांची मार्गदर्शक तत्त्वं विनामूल्य मिळतात. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीचीही मिळतात. परदेशी तत्त्वं वाचताना प्रत्येक शिफारशीपुढे लिहा: माझ्याकडे हे शक्य आहे का, नसेल तर केंद्राला काय विचारू? आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटना सिओपने कमी साधनांच्या जागांसाठी वेगळी, जुळवून घेतलेली तत्त्वं काढली आहेत. आपल्याला आधी तीच उपयोगी.

प्रत्यक्ष केसवर शिकायचं असेल तर २०१२ साली उभं राहिलेलं नॅशनल कॅन्सर ग्रिड पाहा. ते कर्करोग रुग्णालयांचं देशव्यापी जाळं आहे. त्याच्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डात वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या केसवर चर्चा होते. तुमचं रुग्णालय सदस्य नसेल तर सदस्य व्हायचा अर्ज करायला प्रशासनाच्या मागे लागा. जिथे एको (व्हिडिओवरून केस मांडून शिकण्याच्या) पद्धतीची सत्रं चालतात, तिथे नुसतं ऐकू नका; केस मांडा. ही पद्धत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हिपॅटायटिस-सीसाठी सुरू केली. खेड्यातल्या डॉक्टरने आपली केस मांडायची आणि तज्ज्ञांसह सगळ्यांनी त्यावर बोलायचं, हाच तिचा प्राण आहे. केस मांडणारा सर्वांत जास्त शिकतो.

आणि वर्षातून एकदा, दोन आठवडे का होईना, मोठ्या केंद्रात जाऊन उभे राहा. टाटा मेमोरियल, बोरिवलीचं महापालिकेचं थॅलेसेमिया, रक्तविकार आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट केंद्र, किंवा तुमचे रुग्ण जिथे जातात ते कोणतंही. ओपीडीपेक्षा डे-केअरमध्ये वेळ घालवा. केमो कशी तपासून चढवतात, लाइन (शिरेत बसवलेली नळी) कशी हाताळतात, घरच्यांना काय सांगून पाठवतात, हे तिथेच दिसतं.

क्रेडिटबद्दल, म्हणजे सतत शिक्षणाच्या गुणांबद्दल, थोडक्यात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. परदेशी ऑनलाइन कोर्स शिकायला उत्तम असला तरी त्याचे गुण इथे मिळतीलच असं गृहीत धरू नका. औषध कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या सत्रात महागडं औषध पुढे केलं जात असेल, तर ते ऐकून झाल्यावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वांत त्याची जागा कुठे आहे ते त्याच दिवशी तपासा.

पायरी ६: सिकलसेलच्या पट्ट्यात असाल तर

विदर्भातले पूर्वेकडचे जिल्हे आणि नंदुरबार-धुळे इथे काम करणाऱ्यांनी कर्करोगाइतकाच वेळ सिकलसेलला द्यावा. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे आहे. तपासणीतून मुलं सापडतील. त्यांना सांभाळणारे डॉक्टर तयार असायला हवेत.

सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी रोगी आणि वाहक यांतला फरक सांगत नाही, आणि लहान बाळात एचबी-एफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) जास्त असल्याने चुकू शकते. पक्कं निदान एचपीएलसीने होतं. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कोणाला सुरू करायचं, डोस कसा वाढवायचा, कोणत्या आकड्यावर थांबायचं, हे शिका. मुलाला ताप, छातीत दुखून श्वास लागणं, एकाएकी फिकट पडून प्लीहा मोठी होणं, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, यातलं प्रत्येक आणीबाणीचं आहे. प्लीहेत रक्त अडकलेल्या मुलाला रक्त थोडं थोडं द्यावं लागतं, कारण अडकलेलं रक्त परत आल्यावर हिमोग्लोबिन एकदम चढतं. प्लीहा चाचपून बघायला आईला शिकवा. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) केंद्र आहे आणि परळच्या केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था. दोन्हींशी संपर्क ठेवा.

पायरी ७: एकट्याने शिकू नका

रात्री ताप आलेलं मूल आधी सिस्टर पाहते. अँटिबायोटिक तीच काढते, लाइन तीच उघडते. तिला न शिकवता डॉक्टरने कितीही वाचलं तरी ६० मिनिटांचं गणित जमत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास सराव करा: रिसेप्शनला एक जण ‘केमोचं मूल, ताप आलाय’ म्हणून येतो आणि घड्याळ सुरू होतं. वॉर्डबॉय, रिसेप्शनिस्ट, औषध दुकानातला माणूस, सगळे त्यात हवेत. पहिल्या सरावात अडथळे दिसतील: कपाटाला कुलूप, कल्चरची बाटली संपलेली, केसपेपर आधी काढायचा हट्ट. ते तिथल्या तिथे सोडवा.

तुमच्याकडे केमोचा कोणताही डोस दिला जात असेल तर एक धडा सगळ्यांना पाठ हवा: विनक्रिस्टिन हे शिरेतून द्यायचं केमोचं औषध पाठीच्या कण्यात गेलं तर मूल जवळजवळ नक्की दगावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यावर इशारा दिला आहे. विनक्रिस्टिन सिरिंजमध्ये नाही, लहान सलाइन बॅगेत. कण्यातल्या इंजेक्शनच्या वेळी ते त्या खोलीतही नको.

पायरी ८: केंद्राशी दुतर्फा नातं

पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुम्हीच विचारा. अंतिम निदान आणि तुमचं निदान शेजारी लिहा. केंद्राकडून तीन गोष्टी लेखी मागा: उपचारांचा आराखडा, तापासाठी ठरलेलं अँटिबायोटिक, आणि रक्त व प्लेटलेट कधी द्यायचे याचे आकडे. व्हॉट्सॲपवर सल्ला विचारताना मुलाचं नाव, चेहरा, केस नंबर झाका.

सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा. अँटिबायोटिकची मिनिटं कमी झाली का? निदानाआधी स्टेरॉइड दिलेली मुलं कमी झाली का? झाली नसतील तर विषय तोच ठेवा, शिकण्याची पद्धत बदला.

पायरी ९: बोलणं, वेदना आणि उपचारांनंतरची वर्षं

घरच्यांशी पहिलं बोलणं कसं होतं, यावर उपचार पूर्ण होणार की सुटणार हे पुष्कळदा ठरतं. आजाराचं नाव स्पष्ट सांगणं, बरा होण्याची शक्यता सांगणं आणि पैशांचा मार्ग त्याच बैठकीत दाखवणं, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना, केंद्रातले समाजसेवक, राहण्याची सोय, हेही शिकायचं आणि अनुभवी माणसाजवळ बसून शिकायचं. वेदनेसाठी मॉर्फिन वापरण्याचं प्रशिक्षण घ्या. २०१४च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांसाठी त्याची परवाना पद्धत सुटसुटीत झाली आहे.

बरी झालेली मुलं मोठी होऊन तुमच्याकडेच येणार आहेत, सर्दी-खोकल्यासाठी किंवा लग्नाआधीच्या प्रश्नांसाठी. टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून अशा मुलांसाठी वेगळी ओपीडी चालते. प्रत्येक मुलाकडून उपचारांचा सारांश मागून घ्या: कोणती औषधं, अँथ्रासायक्लिन या हृदयाला इजा करू शकणाऱ्या औषधांचा एकूण डोस किती, रेडिएशन कुठे, रक्त किती वेळा. हृदयाचा इको कधी, थायरॉइडची तपासणी कोणाला, लसी पुन्हा कधी, हे त्या कागदावरून ठरतं. सारांश नसेल तर मूळ केंद्राला पत्र लिहून तो मागवा, आणि त्याची एक प्रत कुटुंबाच्या हातात द्या.